तपासून परत

२८ ऑगस्ट

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोललो की शेजारी समजतात भांडण चाललंय, म्हणून हे पत्र. बातमी चांगली आहे. आपल्या टकळीला त्या मोठ्या माध्यमिक शाळेत प्रवेश मिळाला. त्या शाळेची लिफ्ट सहा वर्षं मीच दुरुस्त करतो, त्यामुळे तिचे मजले मला पाठ आहेत. पण परवा पहिल्यांदाच हातात पाना न घेता आत गेलो.

तिथली रीत ऐकून तू चक्रावशील. पाच भाषांची मुलं आहेत. ज्याची जी पहिली भाषा, त्या भाषेच्या तुकडीत तो, आणि प्रत्येक तुकडीचा मजला वेगळा. गणित, विज्ञान त्याच भाषेत. इतिहास-भूगोल दुसऱ्या भाषेत, तेव्हा सगळ्या तुकड्यांमधली मुलं मिसळून बसवतात. चित्रकला आणि खेळही एकत्र. आपलं न सोडता दुसऱ्याचं शिकायचं, असं मुख्याध्यापिकांनी समजावून सांगितलं. आपल्या भाषेचीही तुकडी आहे, तळमजल्यावर, मागच्या बाजूला, अकरा मुलांची.

अर्जावर ‘पहिली भाषा’ म्हणून एकच चौकोन होता. मी त्यात तिसऱ्या मजल्याची भाषा लिहिली. इथे परमुलखात बड्या नोकऱ्या त्याच भाषेत मिळतात, आणि टकळी ती आधीच्या शाळेत दोन वर्षं शिकलीच आहे. एकदा लिहिलेली भाषा शेवटच्या वर्षापर्यंत बदलत नाही, असं खाली बारीक अक्षरात होतं. ते वाचूनच सही केली. टकळीची आई दवाखान्यातली पाळी संपवून आली, तिला हे कळलं आणि दोन दिवस तिनं माझा डबा भरला नाही. पोर मुकी होईल, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, जिची टकळी झोपेतही चालू असते तिच्या तोंडाची काळजी कुणी करू नये.

आजपासून घरातही तीच भाषा बोलायची, असं मी ठरवलं आहे. आपल्या भाषेसाठी तू आहेस. टकळी दर महिन्याला तुला पत्र लिहील. चाळीस वर्षं मास्तरकी केलेली आत्या असताना तिला वेगळी तुकडी हवी कशाला?

गुडघ्याला जप. माया आहेच, ती राहू दे.

तुझा,
धाकटा

२२ सप्टेंबर

प्रिय आत्या,
नमस्कार.

मी मजेत नाहीये पण हे बाबांना सांगू नकोस. ते रोज विचारतात कसं चाललंय आणि मी त्यांच्या त्या भाषेत छान म्हणते कारण छान हा शब्द मला येतो. विज्ञानाच्या तासाला झाडं अन्न कसं तयार करतात ते विचारलं, मला सगळं येत होतं, पण मी मनात शब्द जमवेपर्यंत दुसऱ्यानं सांगून टाकलं आणि मग घंटा झाली. वर्गशिक्षिका आईला म्हणाल्या मुलगी फार शांत आहे. आत्या, मला शांत! आई हसली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडली, तिला वाटलं मला दिसलं नाही.

चित्रकलेच्या तासाला मात्र मजा येते कारण तळमजल्याची एक मुलगी माझ्या शेजारी बसते आणि आम्ही इतकं बोलतो की सरांनी दोनदा जागा बदलली. मधल्या सुट्टीत मी जिन्यानं पळत खाली जाते. वर जाताना पायऱ्या जास्त असतात असं वाटतं. तू म्हणशील काय वेडी पोर. आता कागद संपला म्हणून थांबते, नाहीतर अजून पुष्कळ आहे. मला खूप मोठं पत्र लिही आणि तुझ्या शेजारणीचं मांजर सापडलं का ते सांग.

तुझीच,
टकळी

१४ ऑक्टोबर

चि. टकळीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं, आनंद वाटला. ते तपासून सोबत परत पाठवते आहे. एकतीस ठिकाणी लाल केलं आहे, म्हणून भिऊ नकोस. आमच्या हेडमास्तरांच्या रजेच्या अर्जात मी एकदा बावीस चुका काढल्या होत्या, तेव्हापासून ते रजा तोंडी घ्यायला लागले. तुझी वाक्यं फार लांबतात, मुली. एका दमात तीन विषय सांगतेस. आधी मनात मुद्दे मांडावेत आणि मग लिहावं. लाल केलेला प्रत्येक शब्द पाच वेळा लिहून काढ आणि पुढचं पत्र त्या शब्दांसकट पाठव.

नव्या शाळेत सुरुवातीला सगळ्यांचंच असं होतं, हळूहळू रुळशील. मांजर सापडलं. लाल शाई म्हणजे आत्याची माया समज. मी ती परक्यांच्या पोरांवर उधळत नाही.

तुझी,
आत्या

३ डिसेंबर

ती. आत्यास,
सा. न.

तुझे पत्र मिळाले. शब्द पाच वेळा लिहिले. शाळा चांगली आहे. सकाळी थंडी असते. चित्रकलेची मुलगी आता दुसऱ्या गटात आहे. मी सुट्टीत जिन्यात बसते. पत्र लहान आहे कारण चुका कमी व्हाव्यात.

टकळी

९ जानेवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

टकळीची प्रगती कळवायला आनंद होतो. पहिल्या पत्रात एकतीस चुका होत्या, पुढच्यात सतरा, मग चार. परवा आलेल्या चौथ्या पत्रात एकही नव्हती. मी त्यावर शंभरपैकी शंभर लिहिलं आणि रिवाजाप्रमाणे परत पाठवलं.

पाकीट चिकटवून झाल्यावर मात्र मन थाऱ्यावर राहीना. अरे, त्या पत्रात सगळी मिळून पाच वाक्यं होती. पोस्टकार्डाच्या अर्ध्यात मावली असती. या पोरीला मी लहानपणी गप्प बसण्याबद्दल बक्षीस देऊ केलं होतं आणि ती ते एकदाही जिंकली नाही. तिच्या वर्गात जाऊन बघ. लिफ्टचं काहीतरी निमित्त काढ. आणि त्या चौकोनात तू जे लिहून ठेवलंस ते खोडता येतं का, तेही विचारून ये. मान खाली घालावी लागली तर घाल.

थंडीत छाती सांभाळ.

तुझी,
अक्का

१७ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तू लिहायच्या आधीच शाळेनं बोलावलं होतं. वर्गशिक्षिकेनं फार जपून विचारलं की मुलीला बोलण्याचा काही आजार आहे का, म्हणजे तशी सोय करता येईल. नोव्हेंबरपासून ती वर्गात एक शब्द बोललेली नाही. वह्या स्वच्छ आहेत आणि अर्ध्या कोऱ्या. मी तावातावानं सांगितलं की माझ्या मुलीला कसलाही आजार नाही, घरी तिचं तोंड मिटत नाही. सांगताना माझंच माझ्या लक्षात आलं की हे खोटं आहे. घरी ती मान हलवते. जेवण झालं का, मान. अभ्यास झाला का, मान. मी समजत होतो माझा नियम पाळते आहे.

मग निमित्त काढून लिफ्ट बघायला गेलो. मधली सुट्टी होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर, खिडकीखाली, टकळी गुडघ्यांवर डबा ठेवून एकटी बसली होती. खालून हसण्याचा आवाज येत होता, वरूनही येत होता. मला बघून ती दचकली आणि उठून वर निघून गेली. अक्का, मी तिथेच हत्यारांची पेटी ठेवून बसलो. मीच तिला त्या पायरीवर बसवलं आहे.

दुसऱ्याच दिवशी अर्ज दिला. अपवाद म्हणून तुकडी एकदाच बदलता येते, तीही शिक्षकांच्या मंडळाला पटलं तर. बारा मे रोजी परीक्षा आहे, आपल्या भाषेत एक तास लिहायचं आणि पंधरा मिनिटं बोलायचं. आपल्याच भाषेची परीक्षा, त्यात काय मोठं? डोळे मिटून पास होईल. घरातला नियम मी मोडून टाकला आहे. तिची आई आता दिवसभर आपल्या भाषेत बोलत असते, भिंतीशी बोलावं तशी. टकळी ऐकते. आज ना उद्या सुरू होईल.

तुझा,
धाकटा

३० मे

ती. अक्कास,
सा. न.

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं.

परीक्षा तळमजल्याच्या शिक्षकांनी घेतली. वयस्कर आणि मायाळू गृहस्थ आहेत. तिला सोपं जावं म्हणून त्यांनी विषयही तसाच दिला, कुणाही नातेवाइकाला पत्र लिही. तासभर ती पेन धरून बसली. कागदावर तारीखसुद्धा नव्हती.

तोंडी परीक्षेत त्यांनी नाव विचारलं, शाळा विचारली, घरी कोण कोण असतं ते विचारलं. टकळीनं दप्तरातून एक फाइल काढून त्यांच्यासमोर ठेवली. त्यात तू परत पाठवलेली तिची पत्रं होती, तारखेप्रमाणे लावलेली. मग ती एकच वाक्य बोलली. ते त्यांनी अहवालात जसंच्या तसं लिहिलं आहे: “ही भाषापण मला येत नाही, आत्यानं तपासलंय.”

मंडळाचा निर्णय काल आला. मुलीची पहिली भाषा बदलण्यास आधार नाही, ती आहे त्याच तुकडीत शेवटपर्यंत राहील. पुन्हा अर्ज करता येत नाही. त्या शिक्षकांनी दारापर्यंत येऊन माझा हात धरला आणि म्हणाले की कोऱ्या कागदाला मी गुण कसे देऊ, ते तुम्हीच सांगा.

तुला लागावं म्हणून लिहीत नाही. चौकोन मी भरला, घरातलं बोलणं मी बंद केलं. तुझ्या पत्रांखेरीज तिला मी काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. तरी हे तुझ्यापासून लपवलं असतं तर तू मला कधी माफ केलं नसतंस.

धाकटा

२१ जून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तू लिहिलंस ते बरं केलंस. मी आठवडाभर कुणाशी बोलले नाही, म्हणजे टकळीचं कसं होत असेल ते थोडं तरी कळलं.

चाळीस वर्षांत किती वह्या तपासल्या असतील त्याची गणती नाही. हात इतका सवयीचा झाला की कागद समोर आला की डोळे आधी चुकांवर जातात आणि मजकूर राहूनच जातो. पोरगी मला पहिल्याच ओळीत सांगत होती की मी मजेत नाही. त्या ओळीत मी दोन चुका काढल्या. आई स्वयंपाकघरात रडली, असं तिनं लिहिलं होतं. तिथे मी समासात ‘वाक्य लांबले’ असं लिहिलं. सगळं मला शब्दन् शब्द आठवतं आहे, कारण प्रत्येक शब्दाला माझं पेन लागलं होतं.

तिला मी तीन पत्रं पाठवली. वाटेल तसं लिही, उलटंसुलटं लिही, नुसती चित्रं काढ, आत्यानं पेन फेकून दिलं, असं कळवलं. उत्तर नाही. मागणार तरी कोणत्या तोंडानं?

काल तिची जुनी पत्रं काढून बसावं म्हटलं आणि कपाट उघडल्यावर ध्यानात आलं की माझ्या घरात तिचं एकही पत्र नाही. सगळी तपासून परत पाठवली. तेवढी फाइल मला पाठव. लाल रेघांसकट पाठव, मी त्यांच्याखालचं वाचून घेईन. एवढं कर.

तुझी,
अक्का

४ सप्टेंबर

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

फाइल नाही. सत्राच्या शेवटच्या दिवशी प्रत्येकाला आपलं कपाट रिकामं करायला लावतात आणि रद्दी लगद्याला जाते. टकळीनं ती त्यात टाकली. मी विचारलं तेव्हा तिसऱ्या मजल्याच्या भाषेत म्हणाली की त्याचं काम झालं होतं. मी रद्दीवाल्याच्या गोदामापर्यंत जाऊन आलो. तिथे कागदाचे ढीग छपराला लागलेले होते.

शाळा आता समाधानी आहे. विचारलं की ती उत्तर देते, थोडक्यात आणि बरोबर. नव्या वर्षाचं वेळापत्रक भिंतीवर लावलं आहे, प्रत्येक भाषेला एक रंग. तळमजल्याचा रंग तिच्या तक्त्यात कुठेच नाही.

सोबत तिचं एक पत्र आहे. वर्गात पत्रलेखन होतं, नातेवाइकाला पत्र, तेव्हा तिनं तुझं नाव घातलं. पूर्ण गुण मिळाले. आत्याला पाठवू का विचारलं तर तिनं खांदे उडवले. मी तो होकार समजलो.

माझ्यावरची माया कमी झाली असली तर तसं लिही, पण लिहीत राहा.

धाकटा

२ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

पत्र मिळालं. मला ती भाषा येत नाही, म्हणून खालच्या औषधवाल्याकडे नेलं. तो तिकडे चार वर्षं होता. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, त्यानं सावकाश वाचून दाखवलं आणि अर्थ सांगितला. आदरणीय आत्या, मी कुशल आहे. आमच्या शाळेत पाच भाषा शिकवल्या जातात. शाळेची इमारत प्रशस्त आहे. हवामान उत्तम आहे. आपली प्रकृती कशी आहे? खाली तिचं पूर्ण नाव होतं. ही कोण, असं त्यानं विचारलं.

मी त्याला पुन्हा वाचायला लावलं. म्हटलं, कुठे काही राहिलं असेल, जिना, मांजर, काहीही. तो म्हणाला, एवढंच आहे आजी, पण मुलगी हुशार दिसते, एकसुद्धा चूक नाही.

हे पत्र मी परत पाठवत नाही. कपाटात ठेवलं आहे, तिथे दुसरं काही नाही.

तिला माझे आशीर्वाद सांग. कोणत्या भाषेत सांगायचे, ते मला ठाऊक नाही.

तुझी,
अक्का