माझ्या अंगठ्याखाली बोंगसिक

३ मार्च

आमच्यातल्या ग्वांथेच्या पायावर लोखंडी साचा पडला! चौघांनी मिळून उचलला होता, एकाचा हात घामाने सटकला. बूट कापून काढावा लागला. मी कानस टाकून धावले, तर बोंगसिक खेकसला — "ए बाई, मधे कडमडू नकोस! हे मर्दाचं काम." आमचा मुकादम. मान बैलाची, जीभही बैलाचीच. इतकी वर्षं मी इथे साच्यांच्या धारा घासतेय — माझं नाव त्याला ठाऊक नाही.

९ एप्रिल

क्रेन बसली. छताखाली रूळ, त्यावरून सरकणारा हुक. नव्या यंत्राच्या पूजेला डुकराचं मुंडकं मांडलं, भाताची दारू शिंपडली, सगळ्यांनी माथा टेकला. मालक म्हणाले, "हिला ताकद नको, हलका हात हवा. मालसुनबाई, तुम्ही शिका."

फिदीफिदी हसले सगळे. बोंगसिक सगळ्यात मोठ्यांदा — "मग आम्ही काय घरी जाऊन भांडी घासू?"

६ मे

जमलं! चौघांच्या कंबरा मोडणारं ओझं आता माझ्या अंगठ्याखालच्या बटणावर! काम दुपटीच्या वर गेलं. कुणाची पाठ धरली नाही की बोट चेंगरलं नाही. मालकांनी सगळ्यांसमोर नाव घेतलं.

बोंगसिकला हुक लावायला खाली उभं केलंय. मी म्हणेन तेव्हा लावायचा, मी म्हणेन तेव्हा हटायचं.

१४ मे

साच्याभोवतीचा पट्टा त्याने नीट बांधला होता. तरी म्हटलं, "सोडा. पुन्हा बांधा." मग पुन्हा. मग आणखी एकदा. कान लालबुंद झाले त्याचे. तिन्ही वेळा बांधला.

झोप छान लागली.

२ जून

माणसाच्या डोक्यावरून ओझं न्यायचं नाही — क्रेन शिकवणाऱ्याने पहिला नियम हाच सांगितला होता. आज नेलं. बोंगसिकच्या बरोब्बर डोक्यावर साचा थांबवला. तो मटकन खाली बसला, हात डोक्यावर. मी म्हटलं, "काय हो मुकादम, देव आठवला का?" ग्वांथे काठी टेकून खदखदत होता.

उठला तेव्हा विजार ओली होती. ते आधी मला दिसलं. मीच ओरडून सगळ्यांना दाखवलं.

३ जून

आला नाही. बरं झालं!

११ जून

त्याची बायको बूट न्यायला आली. वाळकी, हळू बोलणारी. "काय झालं हो ताई? घरी तोंडच उघडत नाहीत." म्हटलं, "ऊन बाधलं असेल."

तिनेच सांगितलं, पलीकडच्या लोखंडाच्या ओतशाळेत लागलाय. तिथे अजून सगळं हातानेच उचलतात. "म्हणतात, तिथे निदान मान वर करून उभं राहता येतं."

हसू आलं मला. तिच्यासमोर दाबलं.

२८ जून

गेल्या आठवड्यात ओतशाळेत साचा निसटला. बोंगसिकचा उजवा हात गेला. मनगटापासून.

बायको आज फाटकाशी माझी वाट बघत होती. "तुमचा शब्द मालक मोडत नाहीत. यांना परत घ्या म्हणावं. हुक लावायला एक हात पुरतो ना, ताई?"