बारीक आवाज

बेंगळूर, ८ ऑगस्ट २००८

प्रिय मंगलअक्का,
तुला आणि अप्पांना जयभीम.

मी बरा हाय, जेवण येळेवर होतंय. म्हैस व्याली का?

आमच्या बँडला कार्यक्रम मिळायलेत. पोस्ट-रॉक म्हणत्यात आमच्या संगीताला, गाणारा कुणी नसतो. मी बेस गिटार वाजवितो. तिचा छातीएवढा स्पीकर चार वर्षं माझ्या पाठीशीच हाय.

डॉक्टर म्हणले, "कानाला आराम द्या." जाड आवाज ऐकू येतात, बारीक येत न्हाईत. काळजी करू नको.

रविवारी फोनवर तू काहीतरी इचारलीस. तुझा आवाज बारीक, कळला न्हाई, म्हणून मी नुसतं व्हय म्हणलो. त्यावर मागं अप्पा रडायलेले मात्र ऐकू आले. तवापासून घरचा फोन कुणी उचलना.

अक्का, मी कशाला व्हय म्हणलो, ते लगेच लिही.

तुझा भाऊ,
धम्मानंद