बाबांचा दस्ता

लेबनन, मिझुरी
९ नोव्हेंबर १९९७

चि. कोरीन हिस डेल्मरदादाचे अ. उ. आ.

इकडे सगळं ठीक. शनिवारपासून हरणांचा सीझन, त्यामुळे गावात कुणाचंच कशात लक्ष नाही. बाबांची खुर्ची अजून शेडमध्येच आहे. मी तिच्यावर बसत नाही, मांजर बसतं.

आता तुझ्या कामाचं. बाबांची सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन टेबलावर खोलून ठेवली आहे. मेमधल्या नेमबाजी क्लबच्या मॅचला माझी बंदूक घेऊन तू उतर, असं बाबा जाताना तुला म्हणाले ना? मग नुसतं तेलपाणी करून कशी पाठवू? म्हातारा हट्टी. दुकानातून आणली तशीच वापरली, आणि दरवर्षी काडतुसं भरताना मागे पडला. मी भरायचं तोंड कानशीने रुंद करतोय, म्हणजे पळता पळता अंगठ्याने काडतुसं सरसर आत जातील. काडतूस नळीत चढवायला ओढायची मूठही मोठी बसवतो. हे सगळं घरीच होतं, कारागिराचं तोंड बघायची गरज नाही.

खांद्याला टेकतो तो लाकडी दस्ता तुला बेतायचा, तर हाताचं माप कळव. कोपर काटकोनात ठेव आणि कोपराच्या लवणापासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत टेप धर.

आणखी एक. हसू नकोस, पण मी डिसेंबरात लग्न करतोय. टॅमरा तिचं नाव, पशुखाद्याच्या दुकानात असते. बाई गुणी. फक्त डावरी आहे, जेवायला शेजारी बसलं की तिचं कोपर बरगडीत बसतं. मी तिला नेम धरायला शिकवतोय.

लोभ आहे तो ठेव. नाताळात दाणे घालून भाजलेला तुझा गोड पीकन-पाय पाठवलास तर वाढवूही म्हणतो.

तुझा
डेल्मरदादा


सेंट जोसेफ
२० नोव्हेंबर १९९७

ती. दादास कोरीनचा सा. न. वि. वि.

अरे देवा, साठीला टेकलास आणि बोहल्यावर चढतोयस! फार आनंद झाला. डिसेंबरात शाळेची बस चालवायची सोडून मला येता येणार नाही, पण रजई शिवून पाठवते. निळी-पांढरी, आईच्या नमुन्याची.

माप घेतलं. हुबेहूब बाबांचं आलं. लांब हात हीच काय ती आमची इस्टेट. तेव्हा कानस चालव, मूठ बसव, पण दस्त्याला हात लावायचा नाही. कापायचा नाही, तासायचा नाही, पॉलिशसुद्धा नको. डाव्या अंगाला बाबांचा गाल टेकून टेकून ती गुळगुळीत जागा झाली आहे ना, तिथे गाल ठेवला की मला त्यांच्या दाढीच्या साबणाचा वास येतो. वेडी म्हण हवं तर. मला मॅच जिंकायची नाही रे, एकदा तिथे गाल टेकून उतरायचं आहे. त्यांना शब्द दिलाय.

टॅमरावहिनींना माझा नमस्कार. कोपराची सवय होईल तुला. लोभ आहेच, विचारायचं काय त्यात?

तुझी
कोरीन


लेबनन
१८ जानेवारी १९९८

चि. कोरीन हिस अ. उ. आ.

उशीर झाला, रागावू नकोस. इथे बर्फाचं वादळ झालं, तारा तुटल्या, चार दिवस वीज नव्हती. शेडमधल्या शेगडीपाशी बसून काम केलं. हाताला लागेल ते आत घालतो. जुनं लाकूड काय छान पेटतं!

बंदूक अजून तयार नाही. ती हलक्या, कमी दारूच्या काडतुसांवर अडकत होती, त्यामुळे स्प्रिंग बदलून बघतोय. तुला जडच लागतात हे ठाऊक आहे, पण खांदे काय तरुण राहतात? तू मात्र इकडे यायची घाई करू नकोस, रस्ते वाईट आहेत. झाली की मीच आणून देईन.

रजई बघून टॅमरा रडली. तिला आजवर कुणी काही नवं दिलंच नव्हतं म्हणे. पीकन-पाय संपला. लोभ त्याच्यापेक्षा जास्त टिकावा.

डेल्मरदादा


सेंट जोसेफ
१ फेब्रुवारी १९९८

ती. दादास सा. न. वि. वि.

बंदुकीचं राहू दे, तुझ्या छातीचं बघ. दर हिवाळ्यात खोकतोस. शेगडी विझू देऊ नकोस. हाताला येईल ते घाल, पण ऊब घे.

मी मॅचला नाव दिलं. रोज स्वयंपाकघरात रिकाम्या काडतुसांचा पट्टा बांधून भरायचा सराव करते. शेजारीण खिडकीतून बघते आणि मान हलवते. तुझ्यासारखा भाऊ आहे म्हणून एवढी उडी मारली, नाहीतर मला कुठलं जमतंय! लोभ दुप्पट समज.

कोरीन


लेबनन
२३ मार्च १९९८

चि. कोरीन बाळे, ओपलआत्याचे अ. आ.

गुडघे तसेच आहेत, ते सोडून देऊ. मुद्दाम लिहितेय ते तुझं कौतुक करायला. रविवारी चर्चनंतर डेल्मरकडे जेवायला होतो. जेवण झाल्यावर टॅमराने मागच्या कुरणात मातीच्या तबकड्या फोडून दाखवल्या. तुझ्या बाबांच्या बंदुकीने! आधी ओळखलीच नाही गं. दस्ता चांगला दोन बोटं आखूड केलाय, तिचे हात छोटे ना. सेफ्टीचा खटकाही उलटा बसवलाय, डाव्या हाताला सोयीचा. गालाची बाजूसुद्धा तासून तिच्या अंगाला वळवून घेतली आहे. हलकी काडतुसं, धक्का म्हणून नाही. बाई काय फोडते!

डेल्मर म्हणाला, की कोरीननेच ती टॅमराला लग्नात दिली. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. तुझा त्या बंदुकीवर किती जीव, मला का ठाऊक नाही? एवढं मोठं मन तुझ्या आईचं होतं. मेमध्ये तू कुठल्या बंदुकीने उतरणार ते कळव. या म्हातारीवर माया ठेव.

ओपलआत्या


सेंट जोसेफ
२७ मार्च १९९८

डेल्मरदादास,

आत्याचं पत्र आलं. तिला वाटलं, ती माझं कौतुक करतेय.

टपालाने माझं माप मागवलंस आणि घरात बायकोचा हात मोजलास. कशाला मागवलंस रे? मी गप्प राहावं म्हणून? मी इथे येड्यासारखी रिकामी काडतुसं मोजत होते आणि तू मला रस्ते वाईट आहेत म्हणून लिहीत होतास! चोराने नेली असती तर बरं झालं असतं, चोर निदान वर पीकन-पाय तरी मागत नाही. वर माझ्या नावाने दान केलंस. माझ्या वस्तूचं पुण्यही तूच वाटलंस.

टॅमराला तू स्वतः सांग. आठ दिवस देते. नाहीतर मी सांगेन.

कोरीन


लेबनन
२ एप्रिल १९९८

चि. कोरीन हिस अ. आ.

तुझी शपथ, आधी तुझ्यासाठीच करत होतो. एकदा टॅमराने हातात घेतली, तिला लांब पडली, आणि तिचं तोंड एवढंसं झालं. मग हात थांबला नाही. पण मीही एक विचारतो. बाबांनी तुला बंदूक दिली, आणि मला? बारा वर्षं त्यांची औषधं, लघवीचं भांडं, सगळं मी केलं. जाताना माझ्याकडे बघून एक शब्द नाही. तू तिकडे बस चालवत होतीस आणि बंदूक तुझी!

तुला नवी कोरी घेऊन देतो, म्हणशील ती. पण टॅमराला सांगू नकोस. हात जोडतो. तिचा माझ्यावर फार विश्वास आहे. लोभ तोडू नकोस.

डेल्मरदादा


लेबनन
१९ एप्रिल १९९८

सौ. टॅमराचा कोरीनताईंना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. दोनदा वाचलं, मग बाहेर जाऊन बसले.

मला खरंच काही ठाऊक नव्हतं. आधी रजई, वर बंदूक. मला वाटलं, नवऱ्याच्या बहिणीने आपल्याला घरात घेतलं. आभाराचं पत्र लिहायला बसले की हे म्हणायचे, कोरीनला आभार मानलेले आवडत नाहीत, नको लिहूस. मी ऐकलं.

बंदूक मी ओपलआत्यांकडे नेऊन ठेवली आहे. ती आता माझ्या खांद्याला लागायची नाही.

तुम्ही लिहिलंत, बंदूक राहू दे, पण दस्त्याचा कापलेला तुकडा तेवढा पाठव. मी यांना विचारलं. बटाटे सोलत होते. म्हणाले, तो जानेवारीतच, वीज गेली होती तेव्हा, शेगडीत घातला. असं म्हणाले आणि पुढचा बटाटा घेतला. ताई, खोटं बोललेलं एकवेळ मी गिळलं असतं. रजई परत पाठवू का? मला ती ठेवायची फार इच्छा आहे, पण तुम्ही सांगाल तसं. लोभ मागायला तोंड नाही.

टॅमरा


सेंट जोसेफ
१८ मे १९९८

डेल्मर,

टॅमराला सांग, रजई तिचीच आहे. ती मी दिली होती.

काल मॅच झाली. आत्याकडून बाबांचीच बंदूक आणली आणि तीच घेऊन उतरले. काडतुसं मात्र लोण्यासारखी आत जातात, तुझ्या कानशीला नाव ठेवत नाही. पण खटका सवयीच्या बाजूला सापडेना, आणि दस्ता आखूड, त्यामुळे प्रत्येक बार उडताना माझाच अंगठा माझ्याच नाकावर आपटायचा. रक्त आलं. गाल टेकला तिथे नुसतं तासलेलं लाकूड होतं, व्हार्निशचा वास. शेवटून पहिली आले. लोकांनी तरी टाळ्या वाजवल्या, क्लेटसची पोरगी बापाचीच बंदूक घेऊन उतरली म्हणून. मी कुणाला काही सांगितलं नाही.

बाबांचं सगळं तू केलंस, ते खरं आहे. ते तुझ्याशी बोलले नाहीत हेही वाईटच झालं. मला हे नोव्हेंबरात लिहिलं असतंस तर मी बंदूक तुला दिली असती.

आज तुझी पत्रं काढून बसले. जुनं लाकूड काय छान पेटतं, असं जानेवारीत लिहिलं होतंस. मी काय उत्तर दिलं, तेही मला पाठ आहे. हाताला येईल ते घाल, पण ऊब घे.

मिळाली असेल ऊब. लोभ असावा, असं या वेळी लिहीत नाही.

कोरीन