बकुळीचं आळं

औंढा नागनाथ
१२ जानेवारी २०२५

चि. विजयकुमार यास ताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक. तू, शिला आणि लेक खुशाल असाल असं धरून चालते. फोन असताना पत्र का, हे तू विचारशीलच. नाना फोन स्पीकरवर ठेवायला लावतात आणि कान देऊन बसतात. त्यांच्याविषयी त्यांच्यासमोर काय बोलणार? म्हणून कागद.

तू पाठवलेलं यंत्र परवा बसलं. आपल्या मंगल कार्यालयाच्या सगळ्या लॉनखाली नळ्या गेल्या, फवारे लागले, भिंतीवर पेटी आली. मातीत पुरायची काडी, म्हणजे तुझा तो सेन्सर, तीही बसली. माती ओली असेल तर पाणी सुटतच नाही, कोरडी झाली की पहाटे आपोआप सुटतं आणि तुला पुण्यात फोनवर दिसतं, हे मी नानांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, काहून बाप्पा, औंढ्याची माती तहानली हे आता पुण्याला कळून राहिलं काय? लॉन बघणाऱ्या प्रेमदासला त्यांनी सांगितलं, आता तू घरी बसून हजामत कर. प्रेमदास म्हणाला, नानासाब, गवताची हजामत तर मलाच करावी लागंल, यंत्राला हात कुठं हायत?

बसवणाऱ्या माणसाने काडी कुठे पुरू म्हणून विचारलं. नानांनी आईची बकूळ दाखवली. आईची रक्षा घालून आपण ती लावली, तिच्या आळ्याच्या कडेलाच. जिला हिची तहान कळंल तिला बाकीच्या गवताची कळंलच, असं म्हणाले. मला ते फार बरं वाटलं.

लॉन आपलं आपण पाणी प्यायला लागलं की नानांना पुण्याला न्यायचं, हा तुझा बेत मी त्यांना सांगितलेला नाही. त्यांच्या हृदयासाठी तेच योग्य, हे मलाही कळतं. पण संध्याकाळी ते तांब्या घेऊन बकुळीकडे निघाले की माझी जीभ उचलत नाही. तू मोठ्या मनाने थोडा धीर धर.

तुमच्या घरावर माझी माया आहे तशीच,
ताई


पुणे
२३ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. शिला म्हणते, भावाबहिणीने एकमेकांना टपालाने पत्रं लिहिणारी ही शेवटची पिढी, जपून ठेवा.

ताई, यंत्राने कमाल केली आहे. दीड महिना झाला, पाणी जवळजवळ सुटलेलंच नाही! रोज फोन उघडतो तर 'ओल पुरेशी' असंच लिहिलेलं. आपण इतकी वर्षं त्या लॉनला उगाच बुडवत होतो. बोअरला विश्रांती, विजेला विश्रांती. यंदा लग्नसराईत टँकर बोलवायचीही वेळ येणार नाही. ऑफिसात सगळ्यांना दाखवलं. एकाने तर आपल्या सोसायटीच्या बागेसाठी माहितीही मागितली.

आता नानांना इथे आणायला काय हरकत आहे? कार्यालयाच्या तारखा तू बघशील, गवत प्रेमदास कापेल, पाणी यंत्र देईल. मोठं हॉस्पिटल माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. आईच्या वेळी आपण नांदेडला पोचेपर्यंत किती उशीर झाला होता, ते मला विसरता येत नाही. तू बोल त्यांच्याशी. मी बोललो की ते हवापाण्यावर येतात.

उत्तराची वाट बघणारा तुझा धाकटा,
विजयकुमार


औंढा नागनाथ
३ मार्च २०२५

चि. विजयकुमारास अनेक आशीर्वाद.

तुझ्या आनंदावर पाणी टाकते आहे. खरं म्हणजे पाणी नाही हीच तक्रार आहे. लॉन वाळलं. स्टेजसमोरचा पट्टा तर चटईसारखा पिवळा झाला आहे. आधी आम्ही थंडीवर ढकललं. मग ऊन वाढलं तरी हिरवं येईना. मी प्रेमदासला बोलले, तर तो म्हणाला, ताई, यंत्र पुण्याचं हाय, काटकसर करणारच. घरी आलेल्याला पाणी विचारंल तर खरं! मला हसू आलं आणि काळजीही वाटली, कारण पुढच्या महिन्यात लग्नं आहेत.

परवा कॉलेजात शिकवून आले आणि पेटीपाशी उभी राहिले. 'कोरडी होत आहे' असं दिसत होतं. तेवढ्यात नाना तांब्या घेऊन आले. बकुळीच्या आळ्यात पाणी ओतलं, परत हौदावर गेले, पुन्हा ओतलं. आणि माझ्या डोळ्यांदेखत पेटीवर उमटलं, 'ओल पुरेशी'.

विजय, रोज हेच होत होतं. काडी आईच्या आळ्यात. नाना रोज ते आळं भिजवतात. यंत्राला वाटतं सगळी जमीन तृप्त आहे, आणि बाकीचं लॉन उपाशी. यंत्राची काही चूक नाही. नानांना पाणी घालताना मी रोज पाहते, काडी तिथे आहे हेही मला माहीत होतं. दोन्ही गोष्टी शेजारी होत्या आणि मी त्या जोडल्या नाहीत. असं आणखी काय काय माझ्यासमोर असेल, असं रात्री डायरीत लिहून ठेवलं.

नानांना मी अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते पाणी घालायचं थांबतील, अशी भीती वाटते. काय करू?

तुझ्यावर विसंबलेली,
ताई


पुणे
११ मार्च २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी खूप हसलो. शिलाला वाचून दाखवायला गेलो आणि मधेच पत्र खाली ठेवून फोन उघडला.

फोनवर ओलीची एक रेघ दिसते, ताई. ती रोज संध्याकाळी वर चढायची. मी तो सेन्सरचा दोष समजलो, कंपनीला तक्रारसुद्धा केली. ते नाना होते. दोन महिने मी रोज त्यांना बघत होतो आणि मला कळलं नाही. तू स्वतःला लावून घेऊ नकोस. माझ्यासमोर तर आलेख होता.

काडी काढून लॉनच्या मध्यावर, स्टेजसमोर पुरायला सांग. बसवणारा माणूस येतोय. त्याच्याबरोबर आणखी एक काडी पाठवतो. ती बकुळीच्या आळ्यातच राहू दे. तिला कुठलाही व्हॉल्व्ह जोडायचा नाही. तिच्यावरून पाणी सुटणार नाही, थांबणारही नाही. फक्त रेघ मला दिसेल. नाना फोनवर 'बरा हाय' यापलीकडे काही सांगत नाहीत. रेघ चढली की मला कळेल, आजही ते आळ्यापर्यंत चालत गेले.

त्यांना खरं सांग. थांबणार नाहीत ते.

राहिला पुण्याचा प्रश्न. तुझं पत्र वाचल्यावर मला त्यांना ओढून आणवत नाही. आणि न आणता झोपही लागत नाही. तू रोज त्यांना बघतेस. आणू की राहू देऊ, हे तूच ठरव. तू म्हणशील ते.

नेहमीसारखाच हट्टी, पण यावेळी तुझ्या शब्दात राहणारा,
विजयकुमार


औंढा
२४ मार्च

चि. विजयकुमार यास किसनरावचे आशीर्वाद. सूनबाईला अन् लेकराला बी.

तुझ्या ताईनं, साधनानं, समदं सांगितलं. तुझं यंत्र मी फसवलं म्हणे. यंत्र बराबर हाय, त्याला उगं बोल लावू नको. काडी मी चुकीच्या जागी दाखवली. आता मधात पुरली. तवापासून पहाटे फवारे सुटून राहिले, अन् गवत बी डोळे उघडून राहिलं.

तू म्हणशील, बकुळीला पण नळी लावू. नको. तुझ्या आईला शेवटी शेवटी डॉक्टरांनी पाणी मोजून द्या म्हणून सांगितलं व्हतं. किडनी काम करत न्हवती. मोजायचं काम माझ्याकडं व्हतं. ती हसायची. म्हणायची, लॉनला फवारा अन् मला चमचा, वा रे मालक! एक दिवस हसली न्हाई, नुसती तांब्याकडं बघत राहिली. मी तांब्या उचलून पलीकडं ठेवला. डॉक्टरचं बराबर व्हतं. पण आता मी मोजून देणार न्हाई.

पुण्याला येत न्हाई असं न्हाई. पण उन्हाळ्यात तिला सोडून कसा येऊ? पावसाळ्यात बघू.

तू रेघ बघून राहिला म्हणे. मग एखाद्या दिवशी जरा जास्त ओततो. तुला बी दिसंल. तब्येतीला जपजो.

तुझा,
नाना


औंढा नागनाथ
१३ एप्रिल २०२५

चि. विजयकुमारास अनेक आशीर्वाद.

नानांचं पत्र मिळालं असेलच. टाकायच्या आधी त्यांनी मला दाखवलं नाही, हा पहिलाच प्रसंग.

यंत्र आता खरंच काम करतं आहे, तेही तुला सांगायला हवं. बोअर पूर्वीच्या निम्माही चालत नाही. दुपारच्या उन्हात पाइप धरून आपण जे पाणी उडवायचो ते निम्मं हवेतच जायचं, हे आता कळतं. स्टेजजवळ पाणी साचून गवत कुजायचं आणि दरवर्षी नवं आणून लावावं लागायचं, तो खर्च यंदा नाही. टँकर नाही. गवतही बेताने वाढतं, त्यामुळे कापणी कमी. प्रेमदास आता आठवड्यातले मोजके दिवस येतो, बाकीचे तांड्यावर स्वतःच्या शेतात घालतो. पगार पूर्वीचाच ठेवला आहे. तो म्हणतो, ताई, यंत्रानं माझं निम्मं काम नेलं अन् कुरकूर सगळीच नेली.

पण नानांना दम लागतो. हौद ते बकूळ एवढ्या अंतरात दोनदा थांबतात. हिंगोलीच्या डॉक्टरांनी मोठ्या हॉस्पिटलात दाखवा म्हणून सांगितलं. मी नानांना विचारलं. ते म्हणाले, पोरी, तू हाकलून लावून राहिली तर जातो.

मी हाकललं नाही. तू निर्णय माझ्यावर सोडलास. मी लिहिते आहे, राहू दे. पाऊस सुरू झाला की मी स्वतः घेऊन येईन. हे त्यांच्यासाठी ठरवलं, की संध्याकाळी कॉलेजातून आल्यावर घरात कुणी असावं म्हणून, हे मी स्वतःला विचारलं. उत्तर स्वच्छ आलं नाही. तरीही पत्र टाकते आहे.

काळजीत असलेली,
ताई


पुणे
११ मे २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

नानांच्या तेराव्यानंतर घरी पोचलो, तेव्हापासून लिहीन म्हणतोय. तिथे माणसांच्या गर्दीत तुला सांगायचं राहिलं.

त्या संध्याकाळी मी ऑफिसातून निघता निघता फोन पाहिला. रेघ चढली नव्हती. वाटलं, ऊन आहे, उशिरा जातील. घरी येऊन पुन्हा पाहिलं. नेटवर्क नसेल म्हणून लॉनची काडी पाहिली, ती व्यवस्थित दिसत होती. बकुळीची रेघ तेवढी सपाट, खाली खाली येत असलेली. मी शिलाला म्हटलं, बॅग भर. ती म्हणाली, आधी फोन तर करा. मला फोन करायचा धीर झाला नाही. मग तुझाच आला. तू काही बोलायच्या आधी मी निघालो म्हणालो, त्याचं तुला नवल वाटलं असेल. ते यामुळे.

आदल्या दिवसाची रेघ मी नंतर पाहिली. इतकी उंच ती कधीच गेली नव्हती. एखाद्या दिवशी जास्त ओततो म्हणाले होते.

निघताना बसस्टँडवर तू मला विचारलंस, पुण्यात असते तर वाचले असते का. मी बसमध्ये चढलो. मला माहीत नाही, ताई. डॉक्टरांनाही माहीत नाही. पण ठरवायचं मीच तुझ्यावर ढकललं होतं. तेव्हा जे काही आहे ते दोघांचं आहे. एकटीने उचलू नकोस.

बकुळीची रेघ आता रोज खाली येते. तू कॉलेज आणि कार्यालय दोन्ही बघतेस. आळ्यातल्या काडीलाही व्हॉल्व्ह जोडून देऊ का? एक बारीक नळी टाकली की झालं. झाड वाळणार नाही आणि तुला लक्षही ठेवावं लागणार नाही.

तुझा,
विजयकुमार


औंढा नागनाथ
१८ मे २०२५

चि. विजयकुमारास अनेक आशीर्वाद.

पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. 'दोघांचं' हा शब्द तू लिहिलास, त्याने भार हलका झाला असं लिहिणं खोटं होईल. पण उचलायला दुसरा हात लागला, एवढं खरं.

परवा इथे एक लग्न झालं. कळमनुरीची मंडळी होती. लॉन इतकं हिरवं होतं की नवऱ्या मुलाच्या मामाने प्रेमदासला विचारलं, पाणी कोण देतं रे? प्रेमदास म्हणाला, पहाटे आपोआप येतं. मामा म्हणाले, नशीबवान आहात. पंगती उठल्या, लेकरं गवतावर लोळली. मी बकुळीकडे पाहिलं. पानं खाली पडलेली, आळ्यातल्या मातीला भेगा. इतक्या दिवसांत मी तिच्याकडे गेलेच नव्हते. तुला रेघेवरून दिसत होतंच, तू तसं लिहिलंही होतंस.

मंडळी गेल्यावर नानांचा तांब्या घेतला. एक तांब्या ओतला, माती एका घोटात प्याली. दुसरा ओतला, तसंच. ते आपल्याला सांगायचे, एक तांब्या घालून येतो. खोटं बोलत होते. किती खेपा केल्या ते मी मोजलं नाही.

विजय, व्हॉल्व्ह जोडू नकोस. बाकीच्या लॉनला आपली गरज नाही आणि ते चांगलंच आहे. पाणी वाचतं, पैसा वाचतो, गवत टवटवीत राहतं. पण या एका आळ्याला विसरायची सोय नको. मी नाही गेले तर ते कोरडं पडलं पाहिजे, आणि ते तुला दिसलं पाहिजे.

काडी आहे तशीच राहू दे. संध्याकाळी रेघ चढली की समज, ताई आळ्यापर्यंत चालत गेली. नाही चढली तर मात्र बॅग भरण्याआधी फोन कर.

तुम्हा तिघांना मायेने जवळ घेणारी,
ताई