प्रोग्रामच्या पोटातली लायब्ररी

४ मार्च

झालंच! आवाजाचा वेग वाढवणाऱ्या लायब्ररीत, म्हणजे अनेक प्रोग्राम वापरतात त्या तयार कोडमध्ये, खिंडार सापडलं. मुद्दाम बिघडवलेली फाइल वाचायला दिली की कुणीही आपल्या मशिनमध्ये शिरणार. आमच्या लिनक्समध्ये ती लायब्ररी सगळ्या प्रोग्रामना मिळून एकच, म्हणून दुपारपर्यंत दुरुस्त करून मोकळे झालो. राहिला एक — पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम. त्याच्या लेखकाने त्याच लायब्ररीची नऊ वर्षांपूर्वीची प्रत प्रोग्रामच्या पोटातच ठेवलीय. इमारतीची टाकी धुतली तरी याच्या घरातलं पिंप तसंच!

त्याचं पॅकेज, म्हणजे तो आमच्या लिनक्सला जोडून लोकांपर्यंत पाठवायचं काम, माझ्याकडे आहे. आणि ताई दिवसभर हाच प्रोग्राम वापरते. तिला दिसत नाही. ऑफिसात फोनवर लोकांच्या तक्रारी घेते, पडदा कानाने वाचते. तिच्या मशिनमध्ये खिंडार ठेवून मी स्वस्थ बसणार नाही.

५ मार्च

लेखकाला कळवलं. उत्तर एका ओळीचं — ‘माझ्या प्रतीला हात लावू नका.’ कारण नाही, काही नाही. आपलं तेच खरं! मीही कमी हट्टी नाही.

८ मार्च

त्याची प्रत काढली. आमची लायब्ररी जोडली. सगळ्या चाचण्या पास. स्वतः ऐकलं, आवाज स्वच्छ. अपडेट म्हणून सगळ्यांना पाठवून दिलं.

११ मार्च

दुपारी ताईचा फोन. प्रोग्राम शब्द गिळतोय. तीन तक्रारींचे नंबर चुकीचे उतरले, साहेबांनी तिला टेबलावरून उठवलं.

धावत गेले. तिचे हेडफोन कानाला लावले तर नुसती किरकिर — साध्या बोलण्याच्या पाचपट वेग! ती तसंच ऐकते, वर्षानुवर्षं. आणि मी तपासलं माझ्या कानाने, माझ्या वेगाने. सख्खी बहीण असून! तिच्या मशिनवर जुनी आवृत्ती परत घातली. थोडे दिवस चालवून घे म्हटलं. जिन्यात येऊन रडले. तिच्यासमोर रडले असते तर दिसलं नसतं, पण कळलं असतं.

१२ मार्च

दोन्ही प्रती ओळीला ओळ लावून पाहिल्या. लेखकाने आपल्या प्रतीत सहा ओळी बदलल्यात. नोंद कुठेच नाही. विचारलं, तर या वेळी पानभर उत्तर आलं. त्याची बायको अशीच वेगाने ऐकते. तिच्यासाठी केलेला बदल त्याने तेव्हा लायब्ररीवाल्यांना पाठवला होता. एवढ्या वेगाने कोण ऐकतं, म्हणून त्यांनी परत धाडला. नऊ वर्षं हा राग धरून बसलाय!

माफी मागितली. पण प्रत ठेवणार नाही, हेही सांगितलं. त्या सहा ओळी मूळ लायब्ररीत जातील. मी नेणार.

१६ मार्च

लायब्ररीवाले नाही म्हणाले. ताईच्या वेगाचं रेकॉर्डिंग जोडून पुन्हा पाठवलं.

१७ मार्च

पुन्हा नाही. पुन्हा पाठवलं.

२१ मार्च

बदल घेतला!! लेखकाच्या नावाने. पाचपट वेगाची चाचणीही कायमची घातली. त्याने आपली प्रत आपल्याच हाताने काढली. नवं पॅकेज संध्याकाळी गेलं. बायकोला ऐकवलं, छान आहे म्हणाली, असं त्याने लिहिलंय. आज पोटभर जेवले.

२४ मार्च

ताईला विचारलं, नवा आवाज कसा वाटतोय? ती जुनाच ऐकतेय. त्या दिवसापासून तिने ऑफिसातल्यांना सांगून आपल्या मशिनवरचं अपडेटच बंद करायला लावलंय. खिंडाराचं पुन्हा सगळं समजावलं. शांतपणे ऐकून घेतलं तिने.

‘तुझ्यावर राग नाही गं माझा. पण ती नोकरी माझी आहे. आता तुझं काही घालायचं नाही त्यात.’