एच. ए., लेडबरी

रविवार, ४ फेब्रुवारी

हेस्टर रोवेना ऑल्डक्रॉफ्ट, तुझ्या दफनाला आज सोळा दिवस झाले. तुला पत्र लिहिण्याचा वेडेपणा मी करणार नाही. ही केवळ नोंद आहे. रात्रीची नवी मालिका पाहिली, दुसरा भाग. १८१५ सालातली मोलकरीण चक्क आगकाडी ओढून दिवा लावते! आगकाडी त्यानंतर दहा-बारा वर्षांनी आली, हे मी मोठ्याने सांगितले. कोणी 'हं' म्हटले नाही.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

टीव्हीचे साप्ताहिक आले. वर्गणी तिच्या नावाची, डिसेंबरपर्यंत भरलेली. प्रेक्षकांच्या पत्रांचे पान चाळताना हात थांबला. पत्र असे:

'नव्या मालिकेच्या पहिल्याच भागात सगळे रिकाम्या कपातून चहा पितात. मनगट पाहिले की कळते. संवाद पुटपुटलेले, आणि त्यावर संगीताचा धबधबा. — एच. ए., लेडबरी'

पहिला भाग अठ्ठावीस जानेवारीला दाखवला गेला. हेस्टर नऊ जानेवारीला गेली. आद्याक्षरे तिची, गाव आमचे, आणि मनगटाचे वाक्यही तिचेच आहे. ते मी या घरात शंभरदा ऐकले आहे. घराबाहेर ते कोणी ऐकले?

शेजारचे लायनेल पार्जिटर दफनाच्या वेळी माझ्यापेक्षा अधिक रडले होते. तेव्हा मी त्याकडे दुर्लक्ष केले. आता करवत नाही.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

हेस्टर दर गुरुवारी दोन ते चार चर्चमध्ये फुले मांडायला जात असे. आज तिथे चौकशी केली. फुलांचे काम पाहणाऱ्या बाई गोंधळल्या. म्हणाल्या, 'हेस्टरनं फुलं सोडून सहा वर्षं झाली की. तुम्हाला ठाऊक नव्हतं?'

ठाऊक होते, असे मी म्हणालो.

परतताना पाहिले — पावणेदोन, पार्जिटर दाराबाहेर, अंगावर चांगला कोट, हातात केकचा डबा. विधुर माणूस गुरुवारी दुपारी केक कोणासाठी नेतो?

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

संपादकांना पत्र टाकले. एच. ए. म्हणजे माझी पत्नी, ती हयात नाही, तिच्या नावाचा कोणी गैरवापर करीत आहे. हे 'क्लेमंट ऑल्डक्रॉफ्ट' या माझ्या पूर्ण नावासह छापावे. तीन वेळा लिहून काढले. एकही शब्द अनावश्यक नाही.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

पुन्हा एच. ए. 'कुंभारकामाच्या स्पर्धेत स्पर्धकांपेक्षा परीक्षकच जास्त रडतात.' हेही तिचेच.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

पार्जिटर निघाले. मी पन्नास पावले मागे. चर्चच्या मागच्या दालनात ते शिरले. आतून टीव्हीचा आवाज येत होता. खिडकीतून नीट दिसेना, म्हणून अखेर दार ढकलले.

आत पार्जिटर, दोघी ग्विलियम भगिनी, आणि पोस्टाच्या खिडकीमागे तीस वर्षे बसलेल्या मिसेस नोरीन टिबिट्स. मिसेस टिबिट्स यांनी चित्र थांबवून म्हटले:

'आलात एकदाचे. दहा मिनिटं तुमची टोपी खिडकीत फिरतेय. गारठून मरायचं होतं का?'

माझ्या पत्नीच्या नावाने पत्रे कोण लिहिते, असे मी विचारले.

'आम्ही सगळेच,' पार्जिटर म्हणाले. 'रविवारी रेकॉर्ड करायचं, गुरुवारी इथं बघायचं, मग सगळ्यांचं मिळून एक पत्र. पहिलं हेस्टरनं लिहिलं, ते छापून आलं. मग नाव तेच ठेवलं.'

'ती गेल्यावर बंदच करणार होतो,' थोरल्या मिस ग्विलियम म्हणाल्या. 'पण त्या कपात चहा नव्हता हो.'

हे माझ्यापासून का लपवले?

पार्जिटर डब्याचे झाकण काढू लागले.

'तुम्ही बोलता म्हणून,' मिसेस टिबिट्स म्हणाल्या. 'बटणं, दिवे, घोड्यांचे नाल. हेस्टर म्हणायची, रविवारी मी क्लेमंटला बघते आणि गुरुवारी मालिका.'

'नोरीन, अगं!' धाकट्या मिस ग्विलियम म्हणाल्या.

'त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं.'

तिने मला तसे सांगायला हवे होते, असे मी म्हणालो.

'चव्वेचाळीस वर्षं झाल्यावर? एवढ्या उशिरा कसं सांगणार कोणी?'

एवढेच का, असे मी पार्जिटरांकडे पाहून विचारले. मिसेस टिबिट्स खळखळून हसल्या. 'लायनेलवर संशय! अहो, हा पहिल्या दहा मिनिटांत घोरायला लागतो. बसा आता. गप्प राहिलात तर केक मिळेल.'

बसलो. केक खाल्ला. संपादकांना पाठवलेल्या पत्राविषयी अवाक्षर काढले नाही.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

साप्ताहिकाच्या कचेरीत फोन केला. पत्र मागे घेतो, म्हणालो. 'अंक आज सकाळीच छपाईला गेला हो,' मुलगी म्हणाली. आवाज नको इतका गोड. खरेच गेला की टाळाटाळ? पुन्हा फोन केला. तेच उत्तर.

शनिवार, १७ फेब्रुवारी

तिच्या शिवणकामाच्या कपाटात जुने अंक होते. एच. ए.ची सगळी पत्रे वाचली. चार वर्षांपूर्वीचे एक: 'सुरुवातीच्या टपालपेट्या लाल नव्हत्या, हिरव्या होत्या.' हे मी म्हटले होते. मालिका चालू असताना. तिने त्या रात्री 'हं' एवढेच म्हटले होते.

खाली छापले आहे: 'हे माझ्या यजमानांनी सांगितले. त्यांचे सहसा चुकत नाही.'

मंगळवार, २० फेब्रुवारी

चौकटीत छापले आहे. एकही शब्द न गाळता, माझ्या पूर्ण नावासह. खाली संपादकांची दिलगिरी, आणि लेडबरीहून एच. ए.च्या नावाने आलेले पत्र यापुढे छापले जाणार नाही अशी सूचना.

मिसेस टिबिट्सकडे जाण्यासाठी दोनदा कोट चढवला, दोनदा काढला. अशी गोष्ट गुरुवारी सर्वांसमक्ष सांगणे अधिक योग्य. पार्जिटरांचे पडदे दिवसभर ओढलेले होते. त्यांच्याकडे अंक सकाळीच येतो.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

नव्या सभासदाने दालन उघडायचे, असा त्यांचा नियम; किल्ल्या गेल्या गुरुवारीच माझ्याकडे दिल्या होत्या. दीड वाजता उघडले. पाच खुर्च्या मांडल्या, चहासाठी आधण ठेवले. काय बोलायचे ते कागदावर लिहून नेले होते.

तीन वाजेपर्यंत वाट पाहिली. मग मालिकेचा भाग लावला. अखेरपर्यंत एक शब्दही बोललो नाही.

दार लावले. किल्ल्या परत केल्या.