गाळोबाचं नाव

३ मार्च
निबंध स्वीकारला! नुसता स्वीकारला नाही, परिषदेतलं उद्घाटनाचं व्याख्यान माझं! सप्टेंबरात घाईघाईने अर्ज भरला होता, विसरूनही गेले होते.

पण परिषद गाळोबाच्या देशात. नऊ वर्षं त्याने गुडघाभर चिखलात उभं राहून नदीतला गाळ काढला, बाटल्या पाठवल्या. मी इथे बसून तपासल्या. नाव मीच ठेवलेलं, त्यालाही आवडायचं. गाळातल्या विषाचे आकडे त्याने वर्तमानपत्राला दिले आणि सप्टेंबरात सरकारने त्याला घरातून उचललं. अजून आतच आहे.

५ मार्च
त्याच्या अटकेवरून परिषदेवर बहिष्काराचं पत्रक फिरतंय. विभागप्रमुख बाई म्हणाल्या, "सही करून टाक, उगाच लोक बोलायला नकोत." नवरा म्हणतो, "तू गेली नाहीस म्हणून तिथे कुणाचं काय अडणार आहे?" दोघांचंही खरं. दोघांवरही चिडले.

८ मार्च
प्रयोगशाळेतला फ्रीज उघडला. त्याच्या बाटल्या. चिठ्ठ्यांवर त्याचं तिरकं अक्षर. मागे कुणीतरी उभं आहे असं वाटलं. चिखलात बूट पडल्याचा पचक-पचक आवाज दिवसभर कानात. जेवतानाही.

९ मार्च
सही नाही केली. व्याख्यानाची तयारीही नाही.

१२ मार्च
कार्यक्रमपत्रिका आली. निबंधाखाली फक्त माझं नाव! त्याचं उडवलं! डोकंच फिरलं. बसल्या बसल्या आयोजकांना पत्र लिहिलं – "माझ्या सहलेखकाचं नाव तुम्ही पुसलंत. तिथे मी पाऊल ठेवणार नाही." पत्रकवाल्यांनाही पाठवलं. संध्याकाळपर्यंत त्याखाली छप्पन्न सह्या! ताईचा फोन: "शाब्बास गं! बाबांची लेक शोभतेस."

१५ मार्च
गाळोबाच्या बायकोचा फोन. तुरुंगातल्या भेटीत वहिनींनी माझं पत्र त्याला तोंडपाठ म्हणून दाखवलं. "सहा महिन्यांत पहिल्यांदा हसले हो. म्हणाले, ती माझं नाव सोडायची नाही." फोन ठेवून ढसाढसा रडले. आज कानात आवाज नाही.

१६ मार्च
आयोजकांचं उत्तर. एक ओळ, आणि सोबत माझाच अर्ज. सहलेखकाच्या रकान्यात मी लिहिलंय – 'कोणी नाही'. त्याला उचलल्याची बातमी आली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. व्हिसा अडकेल म्हणून.

उत्तर फक्त मलाच आलंय. वहिनी गुरुवारी पुन्हा त्याला भेटायला जाणार आहेत.